लाकडाखालची खूण

३ मार्च, मंगळवार

सासऱ्यांच्या केलरमध्ये, तळघरात, गेले. त्यांना आता समोरच्याचा चेहराही धूसर दिसतो, म्हणून फिनलंडच्या सैन्याच्या जुन्या रायफली विकायच्यात. डीलरला प्रत्येकीचं कॅलिबर, नळीचं आतलं माप, हवंय, शिवाय नळी मूळ कुठली तेही. माझा नवरा मार्टिन लहानपणापासून त्या तळघराला भितो. "तू कर ना, लॅबमध्ये दिवसभर मापंच घेतेस." बरं म्हटलं.

बाकावर रायफली ओळीने. खाली आईची गोधडी.

तीच. हिरवे इरकली काठ, मधे माझ्या शाळेच्या फ्रॉकचे तुकडे. व्याह्यांना थंडीत हवी म्हणून आईने सांगलीहून आणली होती. आता तेलाने काळी मिट्ट.

"दिवा जरा इकडे धरा," सासरे म्हणाले. लग्नाला सोळा वर्षं झाली, अजून मला 'झी', जर्मनमधलं 'तुम्ही'. आपल्याकडे आदराचं अहो असतं, हे परक्याचं.

५ मार्च, गुरुवार

पद्धत शिकले. शिशाची मऊ गोळी लाकडी दांड्याने नळीतून ढकलायची, बाहेर आली की मायक्रोमीटर. रशियन नळी सैल, फिनिश घट्ट. मूळ रायफली सगळ्या रशियन. नळ्या झिजल्या की फिनलंडने नव्या बसवल्या, काही घरच्या, काही स्विस, काही जर्मन. वरून सगळ्या सारख्या. कुठली ते खाली कोरलेलं असतं, लाकूड काढल्याशिवाय दिसत नाही.

सासऱ्यांची लाडकी मधली. त्यांचे वडील पोलाद कारखान्यात होते, फिनलंडसाठीच्या नळ्या तिथे बनायच्या. "हिची नळी माझ्या वडिलांच्या हातची." दर नाताळात हे ऐकते. लाकूड कधी काढलं नाही? "माहीत असलेलं बघायचं कशाला?"

अंग रशियन, नळी कुणाची तरी, तरी ती 'अस्सल फिनिश'. आणि मी अजून 'डी इंडरिन'. ती भारतीय बाई.

७ मार्च, शनिवार

खुर्चीत सासरे पेंगत होते. मधलीचे स्क्रू काढले. टॉर्च धरला. तीन अक्षरं, एका कारखान्याची. स्विस.

तीनदा पुसून पाहिलं. स्विसच.

मनात लाडू फुटले. खोटं कशाला लिहू.

मग दारामागची घेतली. लाकडाला चीर गेलेली, सासरे तिला 'सोटा' म्हणतात, बाकावरही घेत नाहीत. तिच्या नळीखाली लांबलचक जर्मन शब्द, त्यांच्या वडिलांच्या कारखान्यातल्या पोलादाचं नाव.

पुन्हा लाकूड बसवलं, स्क्रू आवळले, होती तशी दारामागे उभी केली. म्हाताऱ्याला जाग आली. "काही सापडलं?" सगळ्यांच्या खाली बघतेय, म्हटलं.

८ मार्च, रविवार

आईचा व्हिडिओ कॉल. "व्याही कसे आहेत गं?" सांगून टाकलं गोधडीचं.

"मग? अंथरायलाच दिली होती."

"आई, बंदुकांखाली!"

"त्यांची लेकरंच ती. तू पण ना, नाकावर राग."

हिला काय सांगू. इथे आली होती तेव्हा हिच्या आमटीच्या फोडणीवर सासऱ्यांनी भर जानेवारीत सगळ्या खिडक्या उघडल्या. घाण येतेय म्हणाले. आईने विचारलं, काय म्हणाले गं? मी सांगितलं, छान वास सुटलाय म्हणाले. मग ती रोज हिंग जास्त घालायची. ते दारं आपटायचे, ती खूश. मी दोघांच्या मधे उभी.

सोट्याचं नाही सांगणार. मधलीचं सांगेन, चारचौघांत. दुसरं माझ्यापाशी राहील.

१५ मार्च, रविवार

क्लबची म्हातारी मंडळी रायफलींना निरोप द्यायला आली होती. केक. सासऱ्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली, शेवटची म्हणून जरा लांबवून. मग माझ्या दिशेला मान, "हिने सगळ्यांच्या खाली पाहिलंय. सांगा."

"स्विस आहे," म्हटलं.

काटे थांबले. एक जण खो खो हसला, "काय हेर्बर्ट! पोलाद म्हणालास, निघालं चीज!" सगळेच हसले मग.

"आल्झो, गुट," बरं तर, सासरे म्हणाले. बशीतला केक संपला होता, तरी काटा फिरवत राहिले.

गाडीत ईरा जर्मनमध्ये म्हणाली, "आई, हा दुष्टपणा होता."

"खोटं होतं का?"

"नाही. गेनाऊ, तेच तर." पोरीने कानात हेडफोन घातले.

मला आनंद झालाय. झालाच आहे.

१७ मार्च, मंगळवार

त्यांचा फोन, मार्टिनला नाही, मला. आजवर कधी केला नव्हता. "या. लाकूड काढा. मला हात लावून बघायचंय."

काढलं. त्यांचं बोट धरून त्या खुणेवर ठेवलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा हात धरला असेल त्यांचा. गार. तीन अक्षरं चाचपली. "आणि पुढे?"

"पुढे काही नाही."

तरी बोट पुढे सरकत राहिलं. गुळगुळीत लोखंडावर, मागे, परत पुढे. "वडील घरी आले की हातांना तेलाचा वास यायचा," एवढंच म्हणाले.

सोटा दारामागे, हाताच्या अंतरावर.

बोलायला तोंड उघडलं. बाकावरच्या फ्रॉकच्या त्या काळ्या पडलेल्या तुकड्याकडे नजर गेली. मिटलं. मला एवढ्यात संपवायचं नाही. अजून थोडं त्यांनी...

१९ मार्च, गुरुवार

डीलर आला. कॅलिबर बघितली, नळ्यांचं मी तोंडीच सांगितलं, सोट्याला नुसतं "जुनी" म्हटलं. सासऱ्यांनी एकेकीवरून हात फिरवून दिली. मधली लवकर सोडली. सोट्याला हात लावला नाही. "तो घेऊन टाका, इथे अडगळ."

डीलर जिना चढला.

"झालं सगळं?" सासऱ्यांनी मला विचारलं.

"हो," म्हटलं.

आणि मग मी धावले, नुसत्या स्वेटरवर. त्याने गाडीचं मागचं दार लावलंच होतं. ती चिरलेली आठवडाभर विकू नका, म्हटलं. त्याने विचारलं, का? तुम्हाला हवीय? मला नको. मग कुणाला? अजून ठरलेलं नाही, म्हटलं. तो मान हलवत गाडीत बसला. एक आठवडा, म्हणाला, जास्त नाही.

परत आले तर सासरे भिंतीला धरून दारात उभे.

"कुठे गेला होतात?"

"गाडीपर्यंत."

"कशाला?"

मी खाली बसून बुटांच्या नाड्या सोडत राहिले. ते आत गेले नाहीत.