दोन ग्रॅमही न भरणारा पक्षी

आबा,

आज दुपारी टीव्हीवर तो पक्षी दाखवला. जगातला सगळ्यात लहान. इतक्या वर्षांत मी त्याला हलताना पहिल्यांदाच पाहिलं. टीव्ही बंद केला, पुन्हा लावला, चहा ठेवला तो उतू गेला. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. लिहिताना तरी बसावं लागेल, म्हणून लिहायला घेतलं.

मी नववीत होते. पंचाहत्तर-शहात्तर साल असेल. आपण चिंचवडला पत्र्याच्या दोन खोल्यांत राहत होतो आणि तुम्ही कंपनीत इन्स्पेक्शनला होता. दुसऱ्यानं घेतलेलं माप तुम्ही कधी मानलं नाही. साहेबांनी घेतलेलं असलं तरी नग मागून घेऊन मायक्रोमीटर पुन्हा लावायचात. "आबांनी पास केलं म्हंजी डोळं झाकून घ्या," असं तुमच्या खात्यातले लोक म्हणत. त्या दिवशी पहिली पाळी करून तुम्ही आलात तेव्हा मी शाळेच्या लायब्ररीतल्या इंग्रजी पुस्तकात याच पक्ष्याबद्दल वाचत होते. तुम्हाला इंग्रजीतले आकडे तेवढे कळत. "काय हाय त्यात?" तुम्ही विचारलंत आणि मी एकेक ओळ मराठीत सांगू लागले. लांबी चोचीपासून शेपटीपर्यंत दोन इंच. वजन दोन ग्रॅमही नाही. अंडं वाटाण्याएवढं. पंख सेकंदाला ऐंशी वेळा हलतात, उलटंही उडता येतं, दिवसभरात शेकडो फुलं धुंडाळतो. तुम्ही बूट न काढताच उभे होता. मग तुमचं लक्ष स्वयंपाकघराबाहेरच्या तारेकडे गेलं. तिथे एका चिमुकल्या पाखरानं कोळिष्टकं आणि सुतळीचे धागे गुंडाळून घरटं टांगलं होतं. "आगं, मग ह्येच की त्ये!" तुम्ही इतक्या मोठ्यानं म्हणालात की आई पीठ मळता मळता बाहेर आली. पुस्तकात पुढचीच ओळ होती की हा पक्षी फक्त क्यूबात सापडतो, जगात दुसरीकडे कुठेच नाही. ती मी वाचली होती. मी पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्टोअरच्या काट्यावर बरोबर दोन ग्रॅम भरणारा एक भंगारातला वॉशर घेऊन आलात. तो माझ्या तळहातावर ठेवून म्हणालात, "एवढ्यात काळीज, पोट, पंख, समदं बसवलंय. कुठल्या कारखान्यात जमंल का?" खात्यातही तुम्ही सगळ्यांना सांगून आला होता. तेव्हाच मी बोलायला हवं होतं.

रविवारी चौघेजण घरटं बघायला आले. त्यांच्यात तुमचे सुपरवायझर होते. त्यांनी पाखराकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, "अहो आबा, हा शिंजीर. आमच्या दारातल्या जास्वंदीवर रोज दहा येतात. तुमचा तो पक्षी क्यूबात असतो."

"पुस्तकात हाय, साहेब. पोरीनं वाचलंय. सांग गं यास्नी."

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणाले, "मला नीट आठवत नाही."

तुम्ही क्षणभर माझ्याकडे पाहिलंत. मग त्यांच्याकडे वळून म्हणालात, "माझ्याच ऐकण्यात चूक झाली, राव. चहा घ्या." कुणीतरी म्हणालं, "आबा, आता तुमचं माप कुणाकडनं तपासून घ्यायचं?" सगळे हसले, तुम्हीही हसलात. त्या दिवसापासून खात्यात तुम्हाला 'क्यूबा' म्हणू लागले. रिटायर होईपर्यंत म्हणत होते. तुम्ही गेलात तेव्हा तिरडी बांधताना तुमच्या जोडीला काम केलेले एकजण रडत म्हणाले, "क्यूबा गेला रं." त्यांनी प्रेमानंच म्हटलं होतं. मला तिथे उभं राहवेना.

तुम्ही मला कधी रागावला नाहीत. पण शेवटच्या आजारात एकदा दवाखान्यात, मी मोसंबी सोलत असताना, अचानक विचारलंत, "त्या पाखराचं आणखी काय हुतं गं पुस्तकात?" मी सांगितलं की त्याचं काळीज मिनिटाला हजारावर ठोके देतं, आणि रात्री ते इतकं गार पडतं की मेल्यासारखं वाटतं, सकाळी पुन्हा उडतं. "म्हंजी नाइट शिफ्ट न्हाई त्येला," तुम्ही म्हणालात. मग माझ्याकडे न बघता विचारलंत, "आणखी?"

मी म्हणाले, "एवढंच."

"बरं," म्हणून तुम्ही भिंतीकडे कूस वळवलीत. ती ओळ मी गाळली हे तुम्हाला माहीत होतं का, तुम्ही मला वाट करून देत होता का, हाच विचार आज दुपारपासून डोक्यातून जात नाही. मोसंबीची फोड माझ्या हातातच राहिली होती.

पाठवायला पत्ता नाही म्हणून हे पत्र घरातच राहील, असं म्हणणं सोयीचं आहे. पण आबा, तुम्ही असतात, इथे पिंपरीत माझ्यापासून चार घरं सोडून राहत असतात, तरी मी हे तुमच्या हातात दिलं नसतं.