पहिल्या हाकेला ओ

२८ मार्च, मोहर्ली
चंद्रपूरची बस गच्च होती, पण मी इतकी खुशीत की उभ्यानेच आले. उद्यापासून रिसॉर्टच्या काउंटरवर बसायचं. राहायला गुणाबाईंकडे खोली मिळाली. खिडकीतून त्यांचं मोहाचं झाड दिसतं आणि त्यामागे लगेच जंगल. भात आणि लाखोळीची डाळ मी तीनदा वाढून घेतली.
बाईंचा नियम एकच. झाडाखाली कोणी हाक मारली, अगदी ओळखीच्या आवाजात, तरी तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही. चकवा दोनदाच हाक मारतो म्हणे. त्यांचे मालक मुखरूभाऊ पहिल्याच हाकेला 'आलो' म्हणत गेले आणि वाघाने त्यांना गाठलं. मी मान डोलावली. मनात हसू आलं, खोटं कशाला बोलू.

१ एप्रिल
पहाटे मोहफुलं वेचायला बाईंना डोक्याला बांधायचा टॉर्च हवाय. त्यांचा फोन बटणांचा, म्हणून त्यांचं सिम माझ्या फोनात घातलं आणि त्यांच्याच खात्यातून टॉर्च मागवला. माझ्या पैशाने घ्यायला त्या तयार नव्हत्या. घरबसल्या वस्तू येते याचं त्यांना भारी अप्रूप वाटलं. मला स्वर्ग दोन बोटं उरला.

४ एप्रिल
टॉर्चच्या डब्यात पोरांचं खेळणं निघालं. विक्रेत्याच्या पानावर सगळ्यांना दिसेल अशी तक्रार लिहिली, खाली माझा फोन नंबरही दिला. किती शहाणी मी.

६ एप्रिल
रिफंड विभागातून पियुष नावाच्या माणसाचा फोन आला. टॉर्च, तारीख, सगळं त्याला ठाऊक. बोलणं मधाळ, वाक्यागणिक पुनमताई. पैसे परत यायला एक छोटं ॲप घ्या म्हणाला, मी घेतलं. मग बराच वेळ गप्पा. गाव कोणतं, घरमालकिणीला काय हाक मारता, ती सकाळी कुठे असते. लाइन नीट आहे का बघायला एक ते दहा मोजायला सांगितलं. मोजले. टॉर्चच्या पैशांसाठी इतकी चौकशी?

८ एप्रिल
आज त्याने विचारलं, बाईंच्या खात्यातली रक्कम नुसती पडून का ठेवलीय. त्या खात्याबद्दल मी त्याला चकार शब्द बोलले नव्हते.
रिसॉर्टच्या अजयभाऊंना फोन दाखवला. ते म्हणाले, या ॲपमधून तुह्या फोनचा पडदा त्याले दिसून राह्यला. पैसे ज्या वाटेनं गेले त्याच वाटेनं वापस येतात, त्याले ना ॲप लागत ना पिन. मी ॲप तिथल्या तिथे काढलं. बाईंचं सिम त्यांच्या फोनात परत घातलं.
खात्यात मुखरूभाऊंची सरकारी भरपाई आहे. टॉर्च वरच्या पैशातून आला, भरपाईला बाईंनी आजवर हात लावलेला नाही. तो पैसा नाई, म्हणाल्या, माहा माणूस आहे तो बँकेत. मला रडू आलं. त्या खात्याची वाट मीच दाखवली होती.

१० एप्रिल
अनोळखी नंबर. उचलला. पलीकडे कोणीतरी एक ते दहा मोजत होतं. माझ्या आवाजात.
दचकून उठले, पायरी चुकली, घोटा सुजलाय. भास असेल. बाईंना सांगितलं नाही, त्या चकवाच म्हणाल्या असत्या.

११ एप्रिल
सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर तक्रार नोंदवली. आज दुसरा शनिवार, बँक सोमवारी उघडेल. बाईंना बजावलं, फोनवर आलेले आकडे कोणालाही सांगायचे नाहीत. त्या म्हणाल्या, तुह्याबिगर कोणाले सांगतो मी? आणि मी झाडाखाली असलो न काही लागलं, त फोन कर.
मी माझा फोन बंद करून उशाशी ठेवलाय.

१२ एप्रिल, रविवार
उजाडतंय. खिडकीबाहेर झाडाखाली बाई फुलं वेचतायत. त्यांचा फोन वाजला. एवढ्या सकाळी—

कानाला लावला. हसल्या. बोल पुनम, म्हणाल्या.

मी इथे खाटेवर आहे. माझा फोन बंद—

हाक मारली. त्या थबकल्या. वळल्या नाहीत. पहिल्या हाकेला त्या—

फोन चालू होतोय, अजून नाही— पाय टेकवत नाही—

बाई फोन डोळ्यांपाशी धरून वाचतायत. मोठ्याने. चार. सात.

दुसरी हाक. त्यांनी पदर कानावर ओढून घेतला.

एक. नऊ.

तिसरी— घशातून आवाज फुटत ना—