कृष्णामाईची ओटी

आत्या,

काल फोनवर तू म्हणालीस, "पहिल्या रांगेत बसणार मी. पेढेसुद्धा सांगून ठेवलेत." मी घाईनं फोन ठेवला. म्हणून लिहितेय, पण हे तुला पाठवायचीही हिंमत नाही.

इथे जर्मनीत एका स्पर्धेत देशोदेशीच्या विद्यार्थ्यांना उद्याची शहरं आखायची होती. आमच्या गटानं माझी सांगली घेतली. पूर अडवायचा नाही, नदीलाच जागा सोडायची, असं ठरलं. गल्ल्या मला ठाऊक, म्हणून नकाशावर नदीच्या नव्या हद्दीची निळी रेघ मी ओढली. तुझं घर नदीकडे गेलं. रेघ सरकवून बघितली गं! मग पलीकडची शाळा बुडायला लागली. पुन्हा होती तिथेच आणली.

त्याच आराखड्याला बक्षीस मिळालं. आता सांगलीला येऊन विश्रामबागेत सगळ्या अधिकाऱ्यांसमोर तो मीच समजावून सांगायचाय. तू येऊ नकोस, आत्या. ताप आला म्हण, काहीही सांग, पण येऊ नकोस.

दर पुरात पायरीला पाणी लागलं की तू खण-नारळानं कृष्णामाईची ओटी भरतेस. "आलीस, भेटलीस, आता माघारी जा बाई," म्हणतेस. आणि ती जाते.

मी तिला कायमची राहा म्हणाले.

तुझ्या घरात वाढलेली,
ज्ञानदा