काट्याला मोकळीक

३ फेब्रुवारी
जुन्या वस्तू दुरुस्त करणारी माणसं संपली, तर हे जग कोण दुरुस्त करणार? पुष्कळ विचार केला, उत्तर सापडत नाही. सुरुवात मात्र बाबांच्या गाडीच्या स्पीडोमीटरपासून करणार.

गाडी वयाने माझ्याहून मोठी. बनवणारी कंपनीही आता उरलेली नाही. कारखान्यातल्या बायकांना बाबा तिच्यातून रोज नेतात-आणतात. घर त्यावरच चालतं. महिनाअखेरीस पासिंग आहे आणि काटा मेलेला. काटा हलला नाही तर गाडी रस्त्यावर आणायची नाही, असं आरटीओच्या साहेबांनी बजावलंय. बाबा मीटर बाहेर दुरुस्तीला देणार होते. घरात ग्रॅज्युएट असताना बाहेर? मी करते म्हटल्यावर बाबा इतके खूश, की खाली जाऊन शेजाऱ्यांना सांगून आले. आईने फक्त विचारलं, तुझी पदवी राज्यशास्त्रातली ना गं? आईची दृष्टी जरा संकुचित आहे.

७ फेब्रुवारी
अभ्यास पूर्ण. गाडी चालली की गिअरबॉक्सपासून आलेली केबल फिरते, ती मीटरमधलं चुंबक फिरवते, त्याने काटा ओढला जातो. केबल तुटली आहे. म्हणजे केंद्र आणि घटकराज्यं यांच्यातला संवाद तुटला. दुसऱ्या वर्षाला हेच होतं.

१० फेब्रुवारी
भंगार बाजार. दुकानदार मॉडेल विचारत होता. त्याला आधी वापरा-आणि-फेका संस्कृतीबद्दल सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, अगदी खरंय ताई म्हणाला आणि कुठल्याशा स्कूटरची केबल बांधून दिली. हातभर तोकडी. हे अपयश नाही, ही माहिती.

१३ फेब्रुवारी
बदलून आणलेली केबल बसली. काटा हलला! पण थरथरतो. मीटर उघडणं आलं.

१४ फेब्रुवारी
दोन चमच्यांनी काटा उपटला. त्याच्यामागे केसासारखी स्प्रिंग असते. ती जरा ताणली गेली. परत बसवली, आता बरीच सैल वाटते. मला ते बरंच वाटलं. स्प्रिंग काट्याला सारखी मागे खेचत असते. इतकं नियंत्रण कशाला? काट्यालाही मोकळीक हवी.

१५ फेब्रुवारी
यश! आमच्या गल्लीतच काटा साठवर. बाबांनी दचकून ब्रेक दाबला. मागून आई म्हणाली की एक सायकलवाला आत्ताच आपल्याला मागे टाकून गेला. तिला समजावलं की वेगाचा भास ही फसवी गोष्ट आहे.

१८ फेब्रुवारी
बाबा आता काट्याकडे बघूनच चालवतात. चाळीसच्या वर जात नाहीत. इतकी वर्षं आपण बेफाम हाकत होतो, देवाने वाचवलं, असं सगळ्यांना सांगत सुटलेत. किती समाधान वाटलं! शिक्षण घरात झिरपतं ते असं.

२० फेब्रुवारी
बायकांना कारखान्यात रोज उशीर होतोय. त्यांच्यातल्या सर्वांत थोरल्या मावशींनी बाबांना विचारलं म्हणे, की भाऊ, गाडी चालवताय का मिरवताय? बाबांनी सांगितलं, मुलीने मोजून दिलंय. मी मावशींना फोन करून रस्ता सुरक्षेबद्दल बोलले. त्या म्हणाल्या, बाळ, सुरक्षित चालतच यायचं असतं तर गाडी कशाला लावली असती?

२२ फेब्रुवारी
आईने तिची स्कूटर गाडीच्या बरोबरीने चालवून पाहिली. तिच्या मीटरवर वीस, आमच्या साठ. स्कूटरचं मीटर बिघडलेलं आहे, हे उघड आहे. तेही उघडलं आहे. आई भाजी आणायला चालत गेली.

२५ फेब्रुवारी
बायकांनी दुसरी व्हॅन लावली. मावशींनी बाबांना सांगितलं, राग नाही भाऊ, पण पगार कापला जातोय. गाडी नीट पळायला लागली की परत येऊ. बाबा दिवसभर गाडी पुसत बसले. पासिंग झालं की सगळं ठीक होईल.

२७ फेब्रुवारी
पासिंग. साहेब शेजारी बसले. त्यांच्या फोनवर अठरा, आमच्याकडे पंचावन्न. नापास. आठवड्याने पुन्हा या म्हणाले. हे कुणी केलं, असं त्यांनी विचारलं. बाबा ताठ होऊन म्हणाले, माझ्या मुलीने, ग्रॅज्युएट आहे. साहेबांनी विचारलं, कशात? बाबा म्हणाले, सगळ्यात.

मी खिडकीबाहेर बघत होते.

२८ फेब्रुवारी
सकाळी बाबांना स्पष्ट सांगितलं की स्प्रिंग माझ्या हातून ताणली गेली, काटा खोटं दाखवतोय, तुम्ही आधी चालवत होतात तोच वेग बरोबर होता. त्यांना ते पटेना. म्हणाले, साहेबांचा फोनच हलका असेल. तू मनाला लावून घेऊ नकोस, तू शिकलेली आहेस.

मग आणखी चर्चा केली नाही. दुपारी ते झोपले तेव्हा मीटर काढलं आणि बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात देऊन आले. स्कूटरचंही. दुकानदाराने झाकण उघडलं, आत पाहिलं, कपाळावर हात मारला आणि विचारलं, ताई, हे कुणी उघडलं होतं?

बाहेर दिलं होतं, म्हटलं.