दार्दो आणि लेक

पायसांदू, १९ ऑगस्ट

प्रिय मायते,

नदी उतरली. बंदराच्या रस्त्यावर अजून घोटाभर चिखल आहे, पण यंदा खालच्या आळीतल्या सहा घरांमधले फ्रिज, गाद्या, कोंबड्या सगळं वेळेवर वर आलं. लोक मला रस्त्यात थांबवून शाबासकी देतात. मला ती घेववत नाही, कारण ती तुझी आहे. कशी, ते सांगतो.

मार्चमध्ये तंत्रशाळेतल्या नीबिया बाई काखेत लॅपटॉप घेऊन दुकानात आल्या. त्या इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात. सुटे भाग पुरत नाहीत, म्हणून वर्गाकडून सर्किट आधी पडद्यावर करून घेतात. पडद्यावर काय, तर तोच खेळ! वाळू, पाणी, आग, धातू, एकेक कण टाकत बसायचा, शाळेच्या लॅपटॉपवर तू तासन् तास खेळायचीस तो. मला आता कळलं की त्यात लोक एकेक तुकडा तयार करून ठेवतात, कुणी ठोके देणारा, कुणी मोजणारा, कुणी आठवण ठेवणारा, आणि जगातलं कुणीही तो उचलून आपल्या यंत्रात चिकटवू शकतं. बाई म्हणाल्या, हा मोजणीचा तुकडा वर्गात सगळे वापरतात, तो चालतोही, पण का चालतो ते मला सांगता येत नाही.

मी चष्मा पुसून पाहिलं. आधी ओळखू आली ती जोडणीची पद्धत. आत येणारी तार डावीकडे. बाहेर जाणारी दोन कण लांब सोडलेली, पुढच्याला जोडायला सोपं जावं म्हणून. रेडिओ उघडला की मी तुला हेच सांगायचो ना, की आपल्यामागून कुणीतरी हे उघडणार आहे, त्याच्या हाताला जागा ठेव. मग खालचं नाव वाचलं. ‘दार्दो आणि लेक’. चार हजारांवर लोकांनी उचललाय तो तुकडा. मेक्सिकोतल्या एकाने त्यावर लिफ्ट चालवलीय, कुणी रेल्वेचं फाटक. आणि इथे माझ्या दुकानाच्या पाटीवर नुसतं ‘दार्दो’.

बाईंनी विचारलं, “ही लेक कोण?”

मी म्हणालो, “माझी.”

त्या रविवारचं जेवण तू विसरली नसशील. तू इंजिनिअरिंग सोडून आली होतीस, आई राव्हिओली वाढत होती आणि मी म्हणालो होतो, “खोट्या तारा जोडून कुणी इंजिनिअर होत नाही.” तू ताट सरकवलंस, लॅपटॉप मिटलास. तुझ्या शेवटच्या तुकड्याखालची तारीख त्याच आठवड्यातली आहे. मी पाहिली. पंधरा दिवसांत तू माँतेविदेओला चष्म्यांच्या दुकानात लागलीस.

तर एप्रिलपासून मी दर मंगळवारी वर्गात जायला लागलो. बाई मातेचा चहा अर्धाच भरून माझ्या हातात देतात, म्हणजे सांडत नाही. आम्ही ठरवलं, धक्क्यावर पुराची घंटा बसवायची. अडचण अशी की बोट गेली तरी लाट पाणी ओळखायला लावलेल्या पत्र्याला लागते आणि घंटा उगाच वाजते. तुझ्या तुकड्याने तो प्रश्न सोडवला. पाणी लागलं की ठोके मोजायचे, हटलं की पुन्हा शून्य. सलग आठ भरले, तरच घंटा. आधी पडद्यावरच्या नदीत चाळीस वेळा करून पाहिलं, मग त्याच मांडणीवर पोरापोरींनी खरी तार जोडली. मी खुर्चीवर बसून नुसता सांगत होतो.

मासेवाली तेरेसिता रोज टोमणा मारायची, “काय दार्दोकाका, तुमची घंटा जेवायला कधी बोलावणार?” सबंध जून ती वाजली नाही. अकरा जुलैला भर दुपारी वाजली. वर आभाळ कोरडं होतं, पाणी उत्तरेकडून येत होतं. पहिला फ्रिज तेरेसितानेच बाहेर काढला. संध्याकाळी तिच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. दुसऱ्या दिवशी तिने मला मोठा दोरादो आणून दिला आणि म्हणाली, “हा तुमच्या त्या लेकीला.” तू इथे नव्हतीस, म्हणून आम्हीच खाल्ला. माझ्या उभ्या आयुष्यात मासा इतका गोड लागला नव्हता.

आता, माझं पत्र छापील का, हे तू केव्हाच मनात विचारलं असशील. गेलं सव्वा वर्ष माझे हात कापतात. डॉक्टरांनी नाव सांगितलंय, बरं होणारं नाही म्हणालेत. दुकान बंद आहे, सोल्डरिंगची कावीय मी शाळेला दिली. फोनवर तू विचारायचीस आणि मी सगळं छान चाललंय म्हणायचो. आईलाही मीच गप्प बसवलं होतं, तिच्यावर रागावू नकोस. पण तू कीव करावीस म्हणून हे लिहिलेलं नाही. त्या खेळात कीबोर्डवरचा बाण दाबला की कण एकच घर सरकतो, चुकला तर मागे घेता येतो. तुझे तुकडे घेऊन मी पुन्हा कामाला लागलोय. त्या रविवारी मी चुकलो, मायते. आणि हो, तुझा मोजणीचा तुकडा सोळानंतर अडखळतो. आमचं आठात भागलं, पण तीन वर्षं लोक खाली विचारतायत आणि उत्तर द्यायला कुणी नाही. महिनाभर मी डोकं खपवलं, मला जमत नाही. तो तू दुरुस्त कर.

तुझाच, वाट पाहणारा,
बाबा