सुम्बाल्याची मालकीण

सेगू, ४ मे २०१०

चवळीखाऊ तेनिनला तिच्या वहिनीचा स. न. वि. वि.

तुझं पत्र बसच्या ड्रायव्हरनं आणून दिलं. बामाकोत राहून वर्ष झालं तरी अक्षर काही सुधारलं नाही. तुम्हा चवळीखाऊ त्राओऱ्यांच्या हाताला शेंगा सोलायची सवय, त्याला तू तरी काय करणार!

सुम्बाल्याच्या मसाल्यासाठी नेरेच्या झाडाच्या बिया शिजवून, चोळून टोपलीत आंबायला घातल्यात. वास असा सुटलाय की तुझा दादा खाट उचलून अंगणाच्या पार त्या टोकाला गेलाय. सुम्बाला रश्श्यात पडला की मात्र दोनदा मागून घेईल.

आपल्या धंद्याच्या कागदाचं काय झालं? नोंदणीशिवाय दुकानदार आपला माल फळीवर ठेवणार नाही म्हणालीस. पण खरं सांगू, मला दुकानापेक्षा तो कागदच जास्त हवाय. परवा थोरले काका चारचौघांत म्हणाले, की लग्न होऊन आलेल्या बाईचं या घरात पळीशिवाय असतं काय! मीही सुनावलं, की थांबा जरा, सरकारी शिक्क्याखाली दोन मालकिणींची नावं येताहेत आणि त्यातलं एक माझं आहे. तेव्हा माझी अब्रू तुझ्या हातात आहे बरं.

लोभ वाढव, चवळी कमी कर.

तुझी
सानबावहिनी


बामाको, १२ मे २०१०

ती. सानबावहिनीस तेनिनचा सा. न. वि. वि.

कागद झाला. शिक्का, सही, नंबर, सगळं एका दिवसात. दुकानदारानं पाहिला आणि लगेच माल मागितला. तुझ्या हाताची चव त्याच्या बायकोला फार आवडली म्हणे.

कागद वाटेत गहाळ व्हायचा, म्हणून ईदला मीच घेऊन येईन. तोवर काकांना काही सांगायची घाई नको. ड्रायव्हरकडे तुझ्यासाठी निळं कापड दिलंय, शिवून घे.

इथे ऊन फार आहे. वहिनी, तू फार राबू नकोस. जिवाला जप.

तुझ्या मायेची भुकेली
तेनिन


सेगू, १९ मे २०१०

शेंगांच्या राणीला तिच्या गुलामाचा स. न. वि. वि.

अगं, तुला ताप आलाय की काय? अख्ख्या पत्रात मला एकदाही गुलाम म्हणाली नाहीस! आम्ही जारांनी तुम्हा त्राओऱ्यांची खिल्ली उडवायची, त्राओऱ्यांनी जारांची, आणि रागवायचं कुणीच नाही, हा आपल्या दोन कुळांचा पणजोबांपासूनचा करार. तू मोडलास तर यंदा पाऊस नाही पडायचा.

कापड इतकं भारी, की अंगावर घ्यायची भीती वाटते. एवढा खर्च कशाला केलास वेडे?

कागद नको पाठवूस. त्यावरची दोन नावं तेवढी जशीच्या तशी उतरवून पाठव. पुढच्या शुक्रवारी बायकांना जेवायला बोलावलंय, कोंबडी कापणार आहे. काकांसमोर मोठ्यानं वाचून दाखवते. मग बघू पळी कुणाची ते!

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी
सानबा


बामाको, २४ मे २०१०

ती. वहिनीस तेनिनचा सा. न. वि. वि.

दोन नावं उतरवता येत नाहीत, कारण कागदावर एकच आहे. माझं.

खिडकीतला कारकून आमच्याच कुळातला, त्राओरे. मी दोन्ही नावं सांगितली तसा तो मागे रेलला आणि म्हणाला, की जारा? गुलामांची नावं मालकांत कधीपासून यायला लागली? सगळी रांग हसली. मीही हसले. म्हटलं, खरंय भाऊ, माझं एकटीचंच लिहा, तिला ढवळायला पळी दिलीय ती पुरे.

इथवर थट्टा होती. पण हसणं ओसरल्यावर त्यानं मला नीट विचारलं, की खरंच एकच लिहू ना? दोन नावांना करारपत्र लागतं, साक्षीदार लागतात, पुन्हा यावं लागतं, हेही सांगितलं. मी हो म्हटलं. तेव्हा मी हसत नव्हते, वहिनी.

थट्टाच होती, थट्टाच होती, असं मनाला समजावत इतके दिवस काढले. दुकानदार मला मालकीणबाई म्हणतो आणि ते मला गोड लागतं. लाज वाटते, पण खरं तेच आहे. बी तू शिजवायची, हात तुझे पोळायचे आणि नाव माझं. हल्ली ताटात सुम्बाला आला की मी ताट बाजूला सारते.

परत कचेरीत जाऊन आले. नाव घालता येईल म्हणाला, पण दोघींना समोर उभं राहावं लागेल. ये गं. आणि तोंडाला येईल ते बोल मला. जारांच्या पोतडीत शिव्यांना काय तोटा! फक्त बोल.

क्षमेची वाट पाहणारी
तेनिन


सेगू, २९ मे २०१०

आदरणीय तेनिन त्राओरे यांस सानबा जारा हिचा शि. सा. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. थट्टेचा राग धरायचा नसतो, तेव्हा मी रागावलेले नाही. आपण मनाला लावून घेऊ नये.

शुक्रवारचं जेवण झालं. काकांनी सगळ्या बायकांसमोर कागदाची चौकशी केली. कागदावर आमच्या वन्संचं नाव आहे, असं मी सांगितलं. घरच्या लेकीचं नाव लागलं हे रीतीला धरूनच झालं, असं काका म्हणाले, आणि कोंबडीचा चांगला तुकडा त्यांनी माझ्या ताटात वाढायला लावला. मी खाल्ला.

नाव घालायला मी सोमवारच्या बसनं येत आहे. मावसबहिणीकडे उतरेन, आपल्याला त्रास नको. कापड सोबत परत पाठवत आहे, त्याची घडी मोडलेली नाही.

सुम्बाल्याची टोपली ड्रायव्हरकडे दिली आहे. मिळाल्याची पोच सहीनिशी त्याच्याच हाती द्यावी. आजवर आपल्यात ही पद्धत नव्हती, पण आता आपला धंदा नोंदवलेला आहे.

कळावे.

सानबा जारा