ताईंचा स्फटिक

३ मार्च
आज प्रयोगशाळेत रुजू झाले. प्रथिनाचा स्फटिक क्ष-किरणांच्या झोतात फिरवायचा आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून रेणूची रचना काढायची. आजवर जे केवळ पुस्तकांत वाचले, ते आता माझ्या हातून होणार. ज्यांच्या हाताखाली मी काम करणार, त्या ताईंनी आल्या आल्या चिमटा काढला, की इतकी हळू बोलतेस, हजेरीला तुझा नुसता श्वास मांडायचा का? खोलीत हशा पिकला. मलाही हसू आले.

११ मार्च
ताईंनी आपला एकुलता एक स्फटिक माझ्या स्वाधीन केला. त्यातले प्रथिन त्यांनी स्वतःच्याच रक्तातून वेगळे केले होते. स्फटिक वाढायला चार वर्षे गेली. पूर्ण झोत त्याला भाजून काढतो, म्हणून वाटेत ॲल्युमिनियमची पट्टी सरकव, असे त्यांनी तीनदा बजावले. मी विसरले. स्फटिक पिवळा पडला. नोंदवहीत मात्र मी लिहिले, की पट्टी लावली होती. पहिला नंबर कधी न सोडलेल्या मुलीच्या अक्षरावर शंका कोण घेणार?

१४ मार्च
रेणूतले गंधकाचे बंध तुटलेले दिसले. भाजलेल्या स्फटिकात आधी तेच तुटतात. ताईंना मात्र तो नवा शोध वाटला; माझी पाठ थोपटून त्यांनी लेख लिहायला घेतला. जेवताना त्यांच्या नखाचा पापुद्रा निघून आला. केसही मूठमूठ गळताहेत, म्हातारी होण्याची एवढी घाई कुणाला, असे त्या हसत म्हणाल्या. नखे आणि केस गंधकाच्या बंधांवरच तर उभे असतात.

१९ मार्च
भाजलेला स्फटिक नंतर फुगतो. ताईंची बोटे सुजली आहेत. अंगठी कापून काढावी लागली. खरे सांगायला मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. लेखात तुझे नाव माझ्या आधी घातले आहे, असे त्याच म्हणाल्या. मी आभार मानून परत फिरले.

२३ मार्च
भाजलेल्या स्फटिकाचे ठिपके पुढे कडेकडून विझतात — रेणूचे सर्वांत बारीक तपशील आधी पुसले जातात. आज दाराच्या यंत्राने ताईंचा अंगठा ओळखला नाही. बोटावर एकही रेघ नाही.

२४ मार्च
भुवया पुसट. ओठांची कड — मी पाहत नाही. लेख उद्या जाणार.

२५ मार्च
सांगितले. पट्टी, नोंदवही, सगळे. ताई समोर बसल्या आहेत — चेहरा माझ्याकडे — गुळगुळीत. रागावल्या, की क्षमा केली — त्या चेहऱ्यावर वाचायला आता काहीच —